एंजिनांत पडलेली वस्तु कशी काढावी?

आपल्या भाषेंत "दृष्टीआड सृष्टि" अशी एक म्हण आहे. जें डोळ्यांआड आहे त्याची चिंता कशाला करावी, असा तिचा सोयीचा अर्थ लोक घेतात. संसारांतील कित्येक क्षुल्लक गोष्टींत या म्हणीनें मनाला शांति मिळत असेल. परंतु यंत्रशाळेंत ती फार घातक आहे. यंत्राच्या पोटांत पडलेली वस्तु आपणांस दिसत नाहीं, एवढ्यावरून ती तेथें नाहीं असें सिद्ध होत नाहीं. शिवाय यंत्राला डोळे नसल्यामुळें तें तिला चुकवूं शकत नाहीं व तिच्यासाठीं थांबूंहि शकत नाहीं.

जुन्या मोटारीचें एंजिन उघडून, दुरुस्त करून, पुन्हां जुळवीत असतां एखादा बारीक भाग आंत पडला, तर तो कसा शोधावा व कसा बाहेर काढावा, हा आजच्या पाठाचा विषय आहे. विषय गॅरेजांतील असला तरी त्यांत पदार्थविज्ञान आहे, गणित आहे, आणि पायरीपायरीनें विचार करण्याचा उत्तम अभ्यासहि आहे. म्हणून ज्यांना पुढें मोटारींशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशांनींहि तो लक्षपूर्वक वाचावा.

गाडी व तिचें एंजिन

उदाहरणासाठीं अँबॅसडर गाडी घेऊं. तुमच्यापैकीं पुष्कळांनीं ती लग्नाच्या वरातींत किंवा जुन्या चित्रपटांत पाहिली असेल. तुमच्या पालकांना तर ती सरकारी अधिकाऱ्यांची गाडी म्हणून चांगलीच आठवत असेल. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्स या कंपनीनें १९५७ सालीं ही गाडी बाजारांत आणली. बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांत ती तयार होत असे, आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. आतां ती नवी मिळत नाहीं. ज्याच्याकडे आहे त्यानें ती जपावयाची, इतकेंच उरलें आहे. म्हणूनच तिचें एंजिन सुटें करून पुन्हां उभें करणारे कारागीर अजूनहि ठिकठिकाणीं आढळतात.

आरंभींचीं थोडीं वर्षें गेल्यावर या गाडींत जें पेट्रोलचें एंजिन बसूं लागलें, आणि ज्यानें पुढें दीर्घकाळ तिला वाहिलें, तें १४८९ घन सेंटिमीटरचें आहे. चार सिलिंडर एका ओळींत उभे. प्रत्येकाचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि त्यांतील पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढण्याची रीत ज्यांना येते त्यांनीं हे दोन आंकडे घेऊन एका सिलिंडरचें घनफळ काढावें व त्याची चौपट करावी. उत्तर १४८९ येतें कीं नाहीं तें स्वतःच पाहावें.

हें एंजिन म्हणजे तीन मजल्यांचें घर आहे अशी कल्पना करा. सर्वांत वर माळा: तेथें हेडवर आठ व्हॉल्वच्या स्प्रिंगा व त्यांना दाबणारे रॉकर एका पत्र्याच्या झांकणाखालीं असतात. मधल्या मजल्यावर एका बाजूस चार सिलिंडर, आणि दुसऱ्या बाजूस एक अरुंद लांबट खोली. या खोलींत आठ टॅपेटें आपापल्या भोकांत उभीं असतात. सर्वांत खालीं तळघर: तेथें क्रँक फिरतो, आणि त्याच्याहि खालीं तेलाचें चेंबर असतें. माळ्यावरून मधल्या खोलींत उतरणारीं आठ उभीं भोकें आहेत, व त्यांतून पुशरॉड नांवाच्या आठ सळया जातात. टॅपेट वर उचललें कीं पुशरॉड रॉकरला ढकलतो, व रॉकर व्हॉल्वला दाबून उघडतो. माळ्यावर शिंपडलेलें तेल याच भोकांनीं खालीं उतरतें आणि शेवटीं तळघरांत जमा होतें. तेलाला जी वाट मोकळी आहे ती बारीक वस्तूलाहि मोकळी आहे, हें येथेंच ध्यानांत ठेवा.

आतां एका चिमुकल्या भागाची ओळख करून घेतली पाहिजे. प्रत्येक व्हॉल्वच्या दांड्याला वरच्या टोंकाजवळ एक बारीक खांच असते. स्प्रिंगवर एक टोपी बसते, आणि ती टोपी दांड्याशीं जखडून राहावी म्हणून खांचेंत पोलादाचीं दोन अर्धुकें बसवितात. दोन्ही मिळून एक लहानसा शंकु होतो. कारागीर त्यास व्हॉल्वचें लॉक म्हणतात. व्हॉल्व आठ, म्हणून अर्धुकें सोळा. एकेक अर्धुक हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याहून फारसें मोठें नसतें, आणि तेलानें बरबटलेल्या बोटांतून तें सुटावयास क्षणाचाहि अवकाश लागत नाहीं.

गॅरेजमधील एक प्रसंग

आमच्या बाजूच्या एका लहान गॅरेजमध्यें अशाच एका अँबॅसडरच्या एंजिनाची जुळणी चालली होती. हेड बसवून झालें होतें. परंतु एका व्हॉल्वची स्प्रिंग नरम आहे असें शेवटीं आढळून आलें, म्हणून रॉकर व पुशरॉड काढून ती बदलण्याचें काम चाललें होतें. स्प्रिंग दाबतांना व्हॉल्व खालीं सिलिंडरांत पडूं नये यासाठीं मिस्त्रींनीं जुनी युक्ति योजिली होती: त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकांतून मऊ सुती दोरी आंत भरावयाची आणि क्रँक हातानें हळूच फिरवून पिस्टन वर आणावयाचा, म्हणजे दोरीची गादी होऊन व्हॉल्व तिच्यावर टेकून राहतो.

हाताखालचा सतरा-अठरा वर्षांचा उमेदवार अर्धुकें बसवीत होता. पहिलें बसलें. दुसरें बसवितांना दाबलेली स्प्रिंग किंचित् सरकली, "टिक्" असा आवाज झाला, आणि अर्धुक दिसेनासें झालें.

मुलानें तत्काळ सांगितलें, "मिस्त्री, एक अर्धुक हातून उडालें. कोठें गेलें तें दिसलें नाहीं."

मिस्त्री म्हणाले, "क्रँकला कोणीं हात लावूं नये. आणि तूं उभा आहेस तेथेंच राहा. पाऊल उचलूं नकोस."

गाडीचे मालक जवळच बाकावर बसले होते. ही गाडी लग्नासाठीं भाड्यानें देऊन त्यांच्या घरखर्चास हातभार लागत असे. तिसऱ्या दिवशीं एका लग्नाचें भाडें ठरलेलें होतें व त्याची आगाऊ रक्कमहि त्यांनीं घेतलेली होती. ते उतावीळपणें म्हणाले, "मिस्त्री, तें बाहेरच कोठें तरी उडालें असेल. दुसरें नवें घाला, पण गाडी आज सुरू करून द्या."

मिस्त्री शांतपणें म्हणाले, "साहेब, नवीं अर्धुकें माझ्या पेटींत पुष्कळ आहेत. मला शोध हवा आहे तो जुन्याचा."

मालकांचें म्हणणें अगदींच अविचाराचें होतें असें नाहीं. उडालेल्या वस्तु पुष्कळदां बाहेरच सांपडतात. समजा, दहांतून नऊ वेळां तसें होतें असें क्षणभर गृहीत धरलें, तरी प्रश्न उरतो तो दहाव्या वेळेचा. एका पारड्यांत दोन तासांचा खोळंबा आणि दुसऱ्या पारड्यांत आंतून फुटलेलें एंजिन असेल, तर केवळ संभव कोणत्या बाजूस अधिक आहे एवढेंच पाहून चालत नाहीं. चुकल्यास किती मोल द्यावें लागेल हेंहि तोलावें लागतें.

तें मोल किती, हें एका सोप्या गणितानें समजेल. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यांत पिस्टन एकदां वर व एकदां खालीं जातो. म्हणजे सेकंदाला १०० धावा. एका धावेची लांबी ८८.९ मिलिमीटर, तेव्हां पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ८.९ मीटर, म्हणजे तासाला ३२ किलोमीटर पडला. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे मऊ. अर्धुक पाणी दिलेल्या पोलादाचें, म्हणजे कठीण. पिस्टन वरच्या टोंकास पोहोंचला म्हणजे त्याचा माथा आणि हेडचा सपाट भाग यांमध्यें फारच थोडी जागा राहते. त्या जागेंत हें अर्धुक सांपडलें, तर सेकंदाला ५० घाव बसणार. पिस्टनच्या माथ्यास खड्डे पडतात, प्लगचें टोंक मोडतें, व्हॉल्व वांकतो, आणि वांकलेला व्हॉल्व पुढील नाशास कारण होतो. अर्धुक तळघरांत गेलें तर तें चेंबरच्या तळाशीं गाळांत वर्षानुवर्षें निमूटपणें पडून राहीलहि. परंतु तेलाबरोबर उसळून क्रँकच्या किंवा साखळीच्या तडाख्यांत सांपडलें, तर तेथेंहि तेंच संकट. कांहीं होणार नाहीं असें म्हणणें म्हणजे त्या अर्धुकाच्या शहाणपणावर विसंबणें होय.

वाटा मोजणें

मिस्त्रींनीं शोधास आरंभ केला तो हत्यार उचलून नव्हे, तर वाटा मोजून. अर्धुक कोठें कोठें जाऊं शकेल? प्लगच्या भोकांतून सिलिंडरांत? तें भोक दोरीनें भरलेलें होतें, आणि उरलेल्या तीन सिलिंडरांचे प्लग जागेवर होते. ती वाट बंद. कारब्युरेटरच्या तोंडांतून आंत? त्याच्यावर आरंभींच फडकें बांधलेलें होतें. तीहि वाट बंद. राहिल्या तीन: बाहेर जमिनीवर, हेडच्या खोलगट भागांत स्प्रिंगांच्या आसपास, किंवा पुशरॉडच्या आठ भोकांपैकीं एकांतून खालीं.

सर्वांत सोपी वाट आधीं तपासली. मुलाच्या बाह्यांच्या दुमडी व खिसे झाडून पाहिले. पादत्राणांचे तळवे पाहिले. मगच त्याला बाजूस होऊं दिलें. उभा आहेस तेथेंच राहा असें सांगण्याचें कारण हेंच. कपड्यांत अडकलेली वस्तु आपण चालूं लागलों कीं दुसरीकडे जाऊन पडते, आणि शोधाचें क्षेत्र विनाकारण वाढतें. नंतर जमीन ओंजळीएवढ्या भागांत वांटून घेऊन एकेक भाग लोहचुंबकानें व झाडणीनें पाहिला. हेडवरील प्रत्येक कोपरा फडक्यानें टिपून काढला. अर्धुक नव्हतें. आतां पुशरॉडच्या भोकांवांचून दुसरी वाट उरली नाहीं.

परंतु अर्धुक त्या भोकांतून जाऊं शकतें काय, आणि गेलें तर कोठें थांबतें? येथें मिस्त्रींनीं जें केलें तें प्रयोगशाळेंत शोभण्यासारखें होतें. पेटींतील तसेंच एक अर्धुक त्यांनीं काढलें, त्याला मजबूत दोरा घट्ट बांधला, दोऱ्याचें दुसरें टोंक मनगटास गुंडाळलें, आणि तें एका भोकांतून हळूहळू खालीं सोडलें. तें कोठेंहि न अडकतां सरळ गेलें आणि खालीं पोहोंचल्यावर "ठक्" असा बारीक आवाज झाला. दोरा किती आंत गेला त्यावरून खोली मोजली. अर्धुक मधल्या खोलीच्या तळाशीं गेलें नव्हतें; तें टॅपेटाच्या आंतच टेकलें होतें. कारण या एंजिनांतील टॅपेट पेल्यासारखें पोकळ असतें, पुशरॉडचें खालचें टोंक त्या पेल्याच्या तळाशीं बसतें, आणि प्रत्येक भोकाच्या नेमक्या खालीं एकेक पेला उभा असतो. हरवलेल्याची वाट त्याच्या जोडीदारानें दाखविली.

आजकाल बारीक वायरच्या टोंकास दिवा व कॅमेरा असलेलें, मोबाइल फोनला जोडावयाचें एक साधन सहज मिळतें. तें गॅरेजमध्यें होतें. प्रयोगामुळें कोठें पाहावयाचें हें निश्चित झाल्यावर मिस्त्रींनीं तें उमेदवाराच्याच हातीं दिलें. पुढच्या बाजूनें पहिलें भोक रिकामें, दुसरें रिकामें, तिसऱ्या पेल्याच्या तळाशीं, तेलाच्या थेंबांत, अर्धुक चमकत होतें. ते सर्व जण तेलाचें चेंबर उतरविण्याच्या विचारांत होते. चेंबर उतरविलें असतें तर अर्धा दिवस गेला असता आणि हातीं कांहींहि लागलें नसतें.

हत्याराची निवड

अर्धुक पोलादाचें; म्हणून काठीला लावलेला लोहचुंबक आंत सोडावा, हें कोणासहि सुचेल. मुलानें तो पुढें केलाहि. मिस्त्रींनीं विचारलें, "टॅपेट कशाचें आहे?"

"लोखंडाचें."

"मग चुंबक आधीं कोणाला धरील?"

मुलाच्या लक्षांत आलें. टॅपेट हेंहि लोहजातीचें, आणि तें आपल्या भोकांत नुसतें उभें असतें. वरच्या बाजूस ओढल्यास निघूं शकतें. चुंबक पेल्याच्या भिंतीस चिकटला, आणि टॅपेटच भोकांतून वर निघून आडवें झालें, तर एका अडचणीच्या दोन अडचणी झाल्या असत्या. जुने कारागीर पुशरॉड काढतांनाहि तो आधीं किंचित् पिळून सोडवितात, तें याच भीतीनें. तेलाच्या चिकटपणामुळें पुशरॉडबरोबर टॅपेट वर ओढलें जाण्याचा संभव असतो.

म्हणून येथें चुंबक बाजूस ठेवला. वेताच्या बारीक काडीस कापूस गुंडाळून आधीं पेल्यांतील तेल टिपून घेतलें. दुसऱ्या काडीच्या टोंकास घट्ट ग्रीसची गोळी लावली. ती अर्धुकावर दाबून सावकाश वर आणिली. पहिल्या खेपेस अर्धुक अर्ध्या वाटेंत सुटून परत पेल्यांत पडलें. दुसऱ्या खेपेस तें बाहेर आलें. ग्रीसची पकड चुंबकाहून दुबळी, आणि येथें तीच हवी होती. कारण ती हलकें अर्धुक उचलूं शकते, पण वजनदार व तेलानें धरलेलें टॅपेट उचलूं शकत नाहीं.

अर्धुक हातीं आल्यावर मिस्त्रींनीं तें ताबडतोब बसविलें नाहीं. फुटून त्याचा एखादा कपरा आंत राहिला नाहीं ना, हें त्याच्या कडा जोडीदाराच्या कडांशीं लावून पाहिलें. ज्या अर्धुकाला दोरा बांधला होता तेंहि पेटींत परत ठेवलें. मग मालकांस सांगितलें, "साहेब, हें पेल्यांत राहिलें असतें, तर पुशरॉड याच्यावर बसला असता व तेवढा उंच झाला असता. व्हॉल्व पुरा मिटला नसता. तुमची गाडी वरातीच्या निम्म्या वाटेंत थांबली असती." सर्व मिळून सुमारे दोन तास लागले होते. गाडी दुसऱ्या दिवशीं तयार झाली.

या प्रसंगांत सर्वांत मोलाचें काय, असें कोणी विचारल्यास मी कॅमेऱ्याकडे किंवा ग्रीसकडे बोट दाखविणार नाहीं. मुलानें उच्चारलेलें पहिलें वाक्य हें सर्वांत मोलाचें. तो गप्प बसला असता, आणि पेटींतील नवें अर्धुक गुपचूप उचलून बसविता, तर हें कोणासहि कळलें नसतें. व एंजिन फुटल्यावर दोष कोणाचा हेंहि कदाचित् ठरलें नसतें. तो बोलला, याचें श्रेय त्याचें आहेच. परंतु कांहीं श्रेय मिस्त्रींचेंहि आहे. त्या गॅरेजमध्यें "पडलें" असें सांगणाऱ्यास शिवी मिळत नाहीं, काम मिळतें. ज्या घरांत कप फुटल्याचें सांगणाऱ्या मुलास आधीं चापट मिळते, त्या घरांत कांचेचे तुकडे कोठें तरी कपाटामागें सांपडतात, आणि तेहि कोणाच्या तरी पायांत रुतल्यावर. पालकांनीं याचा विचार अवश्य करावा.

इतर प्रसंगीं काय करावें

प्रत्येक वेळीं वस्तु टॅपेटाच्या पेल्यांतच सांपडेल असें नाहीं. म्हणून आणखी कांहीं नियम सांगतों.

पहिला नियम हा कीं वस्तु कशाची आहे हें आधीं ठरवावें. लोखंड व साधें पोलाद यांना चुंबक धरतो. पितळ, तांबें, ॲल्युमिनियम यांना धरत नाहीं, आणि न गंजणाऱ्या पोलादाच्याहि पुष्कळ जातींना तो धरत नाहीं. अशा वस्तूंस ग्रीस लावलेली काडी, तारेचा फांस, किंवा दांडा दाबला असतां टोंकाशीं तीनचार नखें उघडणारा लांब चिमटा वापरावा.

दुसरा नियम चुंबकाविषयीं. एंजिनाच्या भिंती बिडाच्या असल्यामुळें काठीवरचा चुंबक वाटेंतच भिंतीस चिकटतो. त्याच्या बाजूंस रबराची नळी किंवा कागदाची जाड पुंगळी चढवून टोंक मात्र उघडें ठेवावें. म्हणजे बाजूची ओढ कमी होते. कारण चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्यानें घटते.

तिसरा नियम हा कीं फुंकर घालूं नये. हवेच्या पंपाचा झोत मारून वस्तु बाहेर उडेल असें वाटतें. परंतु आंधळ्या भोकांत मारलेला झोत तिला बहुधा अधिकच दूर आणि अधिकच अडचणींत नेतो. ओढून घेणें बरें. सिलिंडरांत प्लगच्या भोकांतून पडलेला बारीक वॉशर धूळ ओढणाऱ्या यंत्रास बारीक नळी जोडून काढतां येतो. मात्र नळीच्या तोंडाशीं जाळीचें कापड बांधावें, म्हणजे वस्तु यंत्राच्या पिशवींत न जातां हातीं येते.

चौथा नियम: वस्तु तळघरांत गेल्याचें निश्चित झालें तर चेंबर उतरविण्याचा कंटाळा करूं नये. तेल गाळून घ्यावें, तळाचा गाळ बोटांनीं चाचपावा, तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी पाहावी. मधल्या खोलींत वस्तु अडकली असेल, तर या एंजिनास बाजूनें पत्र्याचीं झांकणें आहेत. तीं काढलीं कीं टॅपेटें दिसतात. एंजिन गाडीबाहेर, मोकळें, स्टँडवर असेल, तर तें उलटें करून हलकेच ठोकल्यास वस्तु आल्या वाटेनें परतहि येते.

पांचवा आणि मुख्य नियम: वस्तु सांपडेपर्यंत क्रँक फिरवूं नये, हातानेंहि नाहीं. क्रँक फिरला कीं टॅपेटें हलतात, पिस्टन हलतात, साखळी फिरते, आणि वस्तूची जागा बदलते. मग मोजलेल्या सर्व वाटा पुन्हां पहिल्यापासून मोजाव्या लागतात.

हिशोबाचा ताळा

गणिताच्या तासास तुम्ही उत्तराचा ताळा पाहतां. कारागिरानेंहि तसाच ताळा पाहावयाचा असतो. काढलेला प्रत्येक भाग थाळींत ओळीनें मांडावा व त्याची संख्या पाटीवर लिहावी: अर्धुकें सोळा, टोप्या आठ, पुशरॉड आठ. काम चालूं असतां उघडीं भोकें स्वच्छ फडक्याच्या बोळ्यांनीं बंद करावीं; परंतु बोळेहि मोजावे, आणि प्रत्येकास बाहेर लोंबणारा दोरा बांधावा, कारण आंत विसरलेला बोळा हाहि आंत पडलेलाच भाग होय. शस्त्रक्रियेनंतर रोग्याचें पोट शिवण्यापूर्वीं कापसाच्या घड्या व हत्यारें मोजण्याची रुग्णालयांतील पद्धति याच विचारावर उभारलेली आहे. सर्जन कितीहि निष्णात असो, मोजणी चुकत नाहीं. तिचा अर्थ सर्जनवर अविश्वास असा नव्हे. माणसाचें लक्ष क्षणभर ढळतें, हें मान्य करून आधींच केलेली ती तरतूद आहे.

ताळा जुळला नाहीं तर झांकण लावूं नये. पंधरा म्हणजे जवळजवळ सोळा, असें एंजिनाच्या कामांत नसतें.

घरीं करून पाहण्याचा प्रयोग

सुट्टींत पुढील प्रयोग घरीं करून पाहावा. अरुंद तोंडाची एक कांचेची बाटली घ्या व तिला बाहेरून कागद गुंडाळा, म्हणजे आंतलें दिसणार नाहीं. आपल्या भावंडास तिच्यांत लोखंडाचा एक लहान नट, पितळेचें एक बटण, आणि ॲल्युमिनियमच्या तारेचा एक तुकडा यांपैकीं त्याला वाटतील तितक्या वस्तु टाकावयास सांगा. किती टाकल्या तें त्यानें एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आपल्याजवळ ठेवावी. बाटली उलटी करावयाची नाहीं व हलवावयाची नाहीं. दोरा, काडी, मेण, तार व लहान लोहचुंबक एवढींच साधनें घेऊन आंतल्या वस्तु बाहेर काढा. प्रत्येक खेपेस कोणतें साधन निवडलें, कां निवडलें, आणि तें फसलें असल्यास कशामुळें फसलें, हें वहींत क्रमानें लिहा. सर्व निघाल्या असें वाटल्यावर मगच चिठ्ठी उघडा, आणि किती टाकल्या व किती निघाल्या हे दोन आंकडे वहीच्या तळाशीं शेजारींशेजारीं मांडून शाळा उघडल्यावर वर्गांत दाखवा.